‘हो’ आणि ‘लिहलं’

सुजाताचा फोन आला तेव्हा मी अकोल्याच्या आमच्या रक्तपेढीच्या काउंटरवर कुणाचा तरी फॉर्म तपासत होतो. "भाऊ, ताई गेली. सकाळीच गेली," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "घरीच होती. जास्त तरास नाही झाला." मी म्हटलं, "हो… हो," फॉर्मवर सही केली आणि पुढच्या माणसाला बोलावलं. पलीकडे सुजाता जरा थांबली. मग म्हणाली, "भाऊ, ऐकलं ना तुमी?" तेव्हा कुठे माझ्या हातातलं पेन थांबलं. कानात गेलं होतं, आत काहीच उतरलं नव्हतं. ही माझी जुनी खोड आहे. या खोडीपायीच माझी आणि संघमित्रा डोंगरेची ओळख झाली, आणि पुढची चौदा वर्षं आमचं भांडण चाललं.

सुजाता ही तिची धाकटी बहीण. मित्राताई गेली त्याला आता सहा आठवडे झाले. ती माझ्याहून दहा वर्षांनी लहान, तरी मी तिला ताईच म्हणायचो, कारण नुसतं नाव घेऊन हाक मारायची माझी हिंमत नव्हती. पुण्यानुमोदनाच्या दिवशी अमरावतीला गेलो, वंदनेला बसलो, फोटोसमोर फुलं ठेवली. कुणी दोन शब्द बोलणार का, असं विचारलं गेलं तेव्हा मात्र मागच्या रांगेत सरकलो. तिथे जे बोललो नाही ते इथे लिहितो आहे.

आमच्या ट्रस्टच्या दोन रक्तपेढ्या. एक अमरावतीला, एक अकोल्याला, मध्ये दोन तासांचा रस्ता. एकीकडे नसलेलं रक्त दुसरीकडून मागवायचं, हा रिवाज पहिल्यापासूनचा. तेव्हा सगळं फोनवर चालायचं. आमची ओळख झाली त्या दिवशी भर दुपारी अमरावतीहून फोन आला: बाळंतपणाची केस आहे, ओ निगेटिव्ह पाहिजे, तुमच्याकडे दोन पिशव्या आहेत त्या ठेवा, गाडी निघून राहिली. मी फोन खांद्याला लावून समोरच्या माणसाशी बोलत होतो आणि फोनमध्ये "हो… हो" म्हणत होतो. आता आपल्याकडे 'हो'चे किती अर्थ होतात ते वऱ्हाडातल्या माणसाला सांगायला नको. 'हो' म्हणजे कबूल आहे. 'हो' म्हणजे तुम्ही बोला, मी ऐकून राहिलो. आणि 'हो' म्हणजे लवकर आटपा, असंही असतं. माझा तो 'हो' दुसऱ्या-तिसऱ्याच्या मधला होता. रजिस्टरमध्ये मी काही लिहिलं नाही. पंधरा मिनिटांनी अपघाताची केस आली, तिच्याही चिठ्ठीवर ओ निगेटिव्ह होतं, आणि मी दोन्ही पिशव्या देऊन टाकल्या.

दोन तासांनी गाडी आली. त्यातून उतरली ती मित्राताई. बाळंतीण म्हणजे सुजाता. मित्राताई तेव्हा अमरावतीच्या एका कॉलेजात कॉम्प्युटर शिकवायची. हातात बर्फाचा डबा, चेहरा उन्हानं लाल. मी फ्रीज उघडला आणि मला तिथेच आठवलं. "तुमी हो म्हनलं होतं," ती म्हणाली. मी म्हटलं, "हो म्हणजे… मी ऐकून राहिलो होतो." तिनं बर्फाचा डबा काउंटरवर ठेवला आणि नुसती माझ्याकडे बघत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग मी रक्तदात्यांची वही काढली आणि नंबर फिरवत सुटलो. एसटीतले एक कंडक्टर ड्यूटी संपवून नुकतेच डेपोत उतरले होते, ते तसेच खाकी कपड्यांत आले. त्यांचं रक्त घेणं, तपासणं, पुन्हा दोन तासांचा रस्ता… सुजाता वाचली, पोरगीही वाचली. ती पोरगी आता माझ्या खांद्याला लागते आणि मला मामा म्हणते. पण त्या संध्याकाळपर्यंत काहीही होऊ शकलं असतं, आणि त्याचं कारण मी होतो. फोनवर अकोल्याहून कोण बोललं हे अमरावतीच्या माणसाला ठाऊक नव्हतं. आम्ही तिघं ड्यूटीवर होतो, नाव कुणाचंच आलं नाही. ठाऊक होतं ते फक्त मित्राताईला, कारण मी माझ्याच तोंडानं तिला सांगून बसलो होतो.

काही महिन्यांनी ट्रस्टच्या बैठकीत पाहतो तर ही समोर. तिनं स्वतःहून अर्ज केला होता: दोन्ही रक्तपेढ्यांची रजिस्टरं कॉम्प्युटरवर आणून एकमेकांना जोडून देते, म्हणजे इकडची नोंद तिकडे आपोआप होईल. अध्यक्षांनी विचारलं, हे तुम्हाला का सुचलं? ती म्हणाली, "एकदा फोनवर 'हो' म्हनलं गेलं होतं सर, आन लिहलं गेलं नव्हतं." एवढंच. मी टेबलावरच्या प्लास्टिकच्या फुलांकडे बघत होतो. कुणाचा 'हो', हे तिनं त्या दिवशी सांगितलं नाही आणि पुढे कधीच सांगितलं नाही. महिन्याभरात ती कॉलेज सोडून आमच्या अमरावतीच्या रक्तपेढीत आली.

भांडण सुरू झालं ते काम सुरू झाल्यावर. ते समजायला कॉम्प्युटर यायची गरज नाही. अकोल्यात मी एक नोंद केली. ती अमरावतीच्या मशीनमध्येही गेली पाहिजे, म्हणजे एक मशीन बिघडलं तरी रजिस्टर शाबूत राहील आणि दोघांना एकच साठा दिसेल. आता प्रश्न असा, की मी बटण दाबल्यावर स्क्रीननं 'झालं' कधी म्हणायचं? एक रीत अशी, की अकोल्यात लिहून झालं की लगेच 'झालं' म्हणायचं आणि अमरावतीला सवडीनं कळवायचं. दुसरी रीत अशी, की अमरावतीनंही लिहून घेतल्याचं उत्तर येईपर्यंत 'झालं' म्हणायचंच नाही. पहिलीला असिंक्रोनस म्हणतात, दुसरीला सिंक्रोनस. ही नावं माझ्या जिभेवर कधी बसली नाहीत. मी पहिलीला 'मागून कळवा' म्हणायचो आणि दुसरीला 'बसा वाट पाहत'.

मित्राताई 'वाट पाहत'वाली होती. मी 'मागून कळवा'वाला. आणि माझं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी आजही म्हणणार नाही. रस्त्याचं काम सुरू होतं, मूर्तिजापूरच्या अलीकडे-पलीकडे जेसीबी आठवड्याला एकदा केबल तोडायचा. केबल तुटली की अमरावतीचं उत्तर येणं बंद, आणि उत्तर नाही म्हणजे आमचा स्क्रीन जागच्या जागी थिजलेला. फ्रीजमध्ये रक्त आहे, समोर माणूस हात जोडून उभा आहे, आणि मी मशीनकडे बघत बसलो आहे. मी फोनवर तिच्यावर ओरडायचो, "ताई, तुमच्या अमरावतीच्या परवानगीबिगर आमी अकोल्यात खोकलायचं बी नाही का?" ती शांतपणे म्हणायची, "खोका न भाऊ. खोकल्याले कोन अडवलं? पिशवी देतानी थांबा." मी म्हणायचो, "मंग लाईन तुटली तर?" त्यावर तिनं तोड काढली. अर्ध्या मिनिटात उत्तर आलं नाही तर स्क्रीनच सांगायचा: अमरावतीला फोन करा. तिकडच्या माणसानं आपल्या हातानं रजिस्टरमध्ये लिहायचं, लिहिलेलं परत वाचून दाखवायचं, शेवटी 'लिहलं' म्हणायचं, आणि मग पिशवी द्यायची. फोनवर नुसता 'हो' चालणार नाही, असा तिनं लेखी नियमच काढला. तो नियम मोठ्या अक्षरांत छापून माझ्याच काउंटरवर चिकटवला गेला तेव्हा मी तिकडे पाठ करून चहा प्यायलो.

तिच्या डोक्यात तो 'हो' किती खोल गेला होता ते मला एका ऑक्टोबरात कळलं. पुरवठादाराची माणसं सगळं बसवून, चाचणी दाखवून, पेढे खाऊन गेली होती. अकोल्यातून नोंद केली की अमरावतीचं उत्तर पटकन यायचं. मी म्हटलं, वा! ती म्हणाली, "लई पटकन येऊन राहिलं भाऊ. इतकं पटकन लिहनं होत नाही." दुसऱ्या दिवशी ती अकोल्याला आली आणि उलटी चाचणी घेतली. अमरावतीतून एक खोटी नोंद करायला सांगितली. अमरावतीला आमचं उत्तर पोचल्याचं फोनवर कळताक्षणी मला म्हणाली, "वायर काढा." मी म्हटलं, "चालू मशीनची?" "काढा म्हनून राहिली न मी!" मी डोळे मिटून वायर ओढली. मशीन पुन्हा सुरू केलं, तर नोंद गायब. अमरावतीला 'झालं' दिसत होतं आणि अकोल्यात काही नव्हतं. आमचं मशीन नोंद हातात आल्या आल्या उत्तर पाठवत होतं, लिहून घेण्याआधीच. मित्राताई खुर्चीत मागे टेकली आणि माझ्याकडे बघून हसली. त्या एका गोष्टीवर ती माझ्यासमोर हसली ती पहिली आणि शेवटची वेळ. म्हणाली, "हे मशीन बी तुमच्यासारखंच हाय भाऊ. 'हो' म्हनून राहिलं, लिहून नाही राहिलं."

मलाही हसू आलं, आणि रडूही.  पुरवठादाराच्या माणसांना परत बोलावून तिनं ते दुरुस्त करून घेतलं: आधी लिहायचं, मग उत्तर द्यायचं.

स्क्रीनवरची वाक्यंही तिनंच लिहिली. आधी तिथे कुणाला न कळणारं इंग्रजी होतं. तिनं घातलं, 'अमरावतीले सांगून राहिलो…' आणि उत्तर आलं की, 'अमरावतीनं लिहलं.' सचिवसाहेबांना ते खपलं नाही. ते म्हणाले, बाई, ही संस्था आहे, शुद्ध भाषेत करा, 'कळवत आहे' म्हणा. ती म्हणाली, "सर, 'कळवत आहे' वाचून लोक समजतात का काम झालंच. 'सांगून राहिलो' म्हनलं का मानूस थांबते." सचिवसाहेब मूळचे वऱ्हाडातल्या दर्यापूरचेच. जरा घुटमळले, मग हसून म्हणाले, "राहू द्या."

तरीही मी सुधारलो नाही. स्क्रीन अडला की मी तक्रारवहीत लिहायचो. तारीख, वेळ, किती सेकंद, खाली सही. माझं अक्षर चांगलं आहे, त्यामुळे त्या तक्रारी वाचायला फार सोप्या होत्या. नंतर नंतर स्क्रीन अडणं पुष्कळ कमी झालं. रक्तदान शिबिराहून आलो की दोनशे नावं भरताना पूर्वी जीव जायचा, ती सरसर भरली जाऊ लागली. मी सगळ्यांना सांगत सुटलो, बघा, नवी केबल आली म्हणून झालं, नाहीतर आमच्या ताईच्या राज्यात… तीही ऐकून घ्यायची. एका शब्दानं बोलली नाही.

तिचं दुखणं निघालं ते उन्हाळ्याच्या तोंडाशी. पोटाचं होतं. तीन महिनेच मिळाले. शेवटचा भेटायला गेलो तेव्हा ती खिडकीशी बसून भाचीला गणित समजावत होती. बारीक झाली होती, आवाज मात्र तसाच. भाची चहा करायला आत गेल्यावर मी बोलायचं ठरवून आलो होतो ते बोललो. म्हटलं, "ताई, त्या दिवशीचं… मी कधी नीट माफी नाही मागितली." ती म्हणाली, "आतून चहाचा वास येऊन राहिला का?" मी म्हटलं, "ताई, मी काय म्हनून राहिलो?" ती म्हणाली, "ऐकलं भाऊ. कवाच लिहून घेतलं." आणि मग भाचीनं आणलेला चहा मी तिथेच खिडकीशी बसून प्यायलो. मला इतकं हलकं वाटलं होतं की परतीच्या बसमध्ये मी बडनेऱ्यापासूनच झोपलो.

ती गेल्यावर पंधरा दिवसांतच ट्रस्टपुढे प्रस्ताव आला. दोन्हीकडे नवी मशीनं येणार आहेत, तर आता सगळंच 'मागून कळवा' करून टाकावं, काम वेगानं होईल. प्रस्तावाला पुरावा काय जोडला होता? माझी तक्रारवही. अख्खी. सुवाच्य अक्षरातली. बैठकीआधी मला अमरावतीला पाठवलं. तिच्या जागी आलेल्या नेहाबाईंशी बोलून अकोल्याची बाजू मांडा, तुमचीच तर मागणी होती, असं सांगून.

नेहाबाई शांत आहेत, तिशीतल्या, तिवस्याच्या. त्यांनी मला मित्राताईच्या खुर्चीवर बसवलं आणि स्क्रीनवर एक यादी दाखवली. म्हणाल्या, "भाऊ, तुमची तक्रार कशाबद्दल आहे तेच मले समजून नाही राहिलं. तुमचं तर सगळं मागूनच जाते." मी म्हटलं, "काय?" रक्तदात्याचं नाव-पत्ता, शिबिराच्या याद्या, तपासणीचे निकाल, हे सगळं अकोल्यात लिहिलं की लगेच 'झालं', अमरावतीला मागून. वाट पाहायची ती फक्त एका नोंदीसाठी: पिशवी राखून ठेवताना किंवा देताना. "हे कवापासून?" मी विचारलं. नेहाबाईंनी बघून सांगितलं, "तीन वर्षं होत आले." म्हणजे ज्या दिवसापासून मी नव्या केबलचं कौतुक करत होतो, त्या दिवसापासून.

मी तिथे बसून राहिलो. चौदा वर्षं ज्या भांडणात मी हरलो असं समजत होतो, त्यातलं माझं जे खरं होतं ते तिनं केव्हाच मान्य करून टाकलं होतं. सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी उरलेलंही मागितलं असतं… मला ओळखून होती बाई. नेहाबाई म्हणाल्या, "ताईनं मले जाताजाता एकच गोष्ट सांगतली. जे उशिरा कळलं तरी चालते, ते उशिरा जाऊ दे. जे उशिरा कळलं तर मानूस जाते, तिथं थांब." मग जरा अडखळून म्हणाल्या, "पण हे बैठकीत टिकन का भाऊ? तीन सेकंदांसाठी थांबायचं, तर ते इचारतीन, असं झालंय का कधी का दोघांनी एकाच पिशवीचा शब्द देऊन टाकला? मशीन आल्यापासून तर नाही झालं."

झालं नाही, कारण थांबत होतो. पण हे कुणाला पटवून द्यायचं तर त्याआधी काय झालं होतं ते सांगायला हवं, आणि ते सांगू शकणारा आता एकच माणूस उरला होता. निवृत्तीला माझं दीड वर्ष राहिलं आहे. 'कामात काटेकोर' असं माझ्याबद्दल बोललं जातं. बसमध्ये मी दोन तास स्वतःशी वाद घातला. गप्प राहिलो तर प्रस्ताव मंजूर होईल, माझीच मागणी पुरी झाली म्हणून लोक माझं अभिनंदन करतील, आणि एक दिवस अमरावतीत आणि अकोल्यात एकाच मिनिटाला एकाच पिशवीवर दोघांचा हात पडेल.

बैठकीत अध्यक्ष म्हणाले, "दिनकरराव, तुमच्या तक्रारी वाचल्या. तुमचं समर्थन गृहीत धरतो." मी उभा राहिलो.  म्हटलं, "समर्थन नाही. पिशवीची नोंद आहे तशीच राहू द्या." सचिव म्हणाले, "अहो, मग ह्या तक्रारी?" तेव्हा मी सांगितलं. दुपार, खांद्यावरचा फोन, दोन पिशव्या, रिकामा फ्रीज, सगळं. "मित्राताईनं पहिल्या बैठकीत ज्या 'हो'बद्दल सांगितलं होतं, तो 'हो' माझा होता," असं म्हणून खाली बसलो.  मग अध्यक्ष, जे स्वतः स्त्रीरोगतज्ज्ञ आहेत, त्यांनी प्रस्तावाचा कागद उलटा ठेवला आणि म्हणाले, "पिशवीची नोंद थांबूनच होईल. पुढचा विषय घ्या." बाहेर आल्यावर सचिवसाहेबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. मी ज्या नोटिशीची, बोलणी खाण्याची वाट बघत होतो, त्यातलं काहीच झालं नाही.

आता माझ्याकडे ते तीन सेकंद उरले आहेत. पूर्वी मी त्या वेळात स्क्रीनला शिव्या द्यायचो. आता स्क्रीनकडे बघतच नाही, समोरच्या माणसाकडे बघतो. परवा तेल्हाऱ्याच्या बाजूची एक म्हातारी आली होती, सुनेसाठी रक्त न्यायला. फॉर्म झाला, जुळवणी झाली, मी बटण दाबलं आणि हात मागे घेतला. तिनं घाईनं विचारलं, "बाप्पा, काहून थांबले? कोनाची वाट पाहून राहिले?"

"अमरावतीची," मी म्हटलं. "तिकडून निरोप आला का देतो."

"कोन हाय तुमचं अमरावतीले?"

ओठांवर आलं होतं, 'कोणी नाही'. तेवढ्यात उत्तर आलं. मी पिशवी काढली, तिच्या डब्यात बर्फात नीट बसवली, झाकण लावलं. म्हटलं, "माझी बहीण होती, मावशी. हे थांबायचं तिनंच लावून देलं."

म्हातारीनं डबा दोन्ही हातांनी छातीशी धरला, माझ्याकडे एकवार नीट बघितलं, आणि पायऱ्या उतरता उतरता म्हणाली, "मंग बरोबरच असन."